एकच स्टिअरिंग, दोन पगार

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलांना मोठी गंमत वाटायची. पाव, बटाटा, चावी, तुरुंग... आणि पगार! मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "बाई, म्हणजे त्याआधी कुणाला पगारच नव्हता?" होता रे बाबांनो. मोबदला जगाच्या आरंभापासून आहे, शब्द मात्र प्रत्येक काळाने आपापले आणले. बलुतं होतं, वतन होतं, मजुरी होती, रोजंदारी होती. मग पगार आला, आणि त्याच्याबरोबर एक ऐटही आली. 'मुलगा पगारी नोकरीत आहे' एवढ्या एका वाक्यावर लग्नं जमत.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत लबाड वाटतो तो 'मानधन'. शब्द पाहा कसा भारदस्त! मान आणि धन दोन्ही एका ताटात. पण माझा आजवरचा अनुभव असा की जिथे धन फारसं द्यायचं नसतं आणि मानाचीही वानवा असते, नेमका तिथेच हा शब्द वापरतात. अंगणवाडीताईंना मानधन, आशाताईंना मानधन. कलेक्टरला कुणी मानधन देत नाही. त्याला वेतन असतं, वेतनश्रेणी असते, महागाई भत्ता असतो.

तर मंडळी, आज लिहायचंय ते याच विषयावर. एकच काम करणाऱ्या दोघांना दोन वेगळे मोबदले मिळतात, ते का? निमित्त बसच्या ड्रायव्हरचं आहे. पण सुरुवात शाळेपासून करते, कारण हा प्रकार मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो शिक्षकांच्या खोलीत.

आमच्या उमेदीच्या काळातही तात्पुरते शिक्षक असत. त्यांना एप्रिलअखेर 'ब्रेक' मिळायचा आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीचा पगार वाचला! पण या प्रकाराला रीतसर रूप आलं ते २००० साली, शिक्षणसेवक योजनेमुळे. नवा शिक्षक आला की पहिली तीन वर्षं तो शिक्षक नाही, शिक्षणसेवक. प्राथमिकला महिना ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात ५,०००. पुढे ही रक्कम वाढली. २०२३ पासून ती १६, १८ आणि २० हजार झाली. पण तत्त्व तेच राहिलं.

आमच्या शाळेत असा एक तरुण मुलगा आला. दहावी 'अ'चं मराठी माझ्याकडे, 'ब'चं त्याच्याकडे. धडे तेच, कविता त्याच, बोर्डाची परीक्षा तीच. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोघांचे सारखेच जाड. उलट शनिवारची कवायत, स्नेहसंमेलन, सहल अशी उस्तवारीची कामं नव्या माणसाच्या गळ्यात पडतात, तशी त्याच्याही पडत. महिन्याच्या सुरुवातीला कारकून पगारपत्रक घेऊन बसायचे. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायची, आणि सही करताना वरच्या-खालच्या सगळ्यांचे आकडे दिसायचेच. तो मुलगा सर्वांत शेवटी यायचा. खोली रिकामी झाल्यावर. आकडा कमी आहे हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, तरी तो इतरांच्या देखत त्याच्यासमोर सही करायचा नाही. माझ्या पगाराच्या चौथा हिस्साही नसेल त्याचा.

पण शिक्षणसेवकाच्या नशिबी एक गोष्ट तरी होती. ती म्हणजे शेवट. तीन वर्षं कशीबशी काढली की तो शिक्षक व्हायचा, श्रेणीत बसायचा. ज्याच्या वाट्याला हा शेवटच येत नाही, अशा माणसाकडे आता वळते.

माझा एक जुना विद्यार्थी शहरात बस चालवतो. नाव नको आणि गावही नको, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. मराठीत बेताचा होता. पण शाळेच्या सहलीला एसटीत बसलो की हा ड्रायव्हरच्या पाठीमागे दांडा धरून उभा राहायचा आणि घाट संपेपर्यंत गिअर कसा पडतो ते बघत राहायचा. आता चाळिशी ओलांडलीय. जड वाहनाचा परवाना आहे, बिल्ला आहे. आधी काही वर्षं ट्रक चालवला, आणि गेली नऊ वर्षं शहराची बस. बसवर नाव शहराच्या बससेवेचं, मार्ग तिचा, थांबे तिचे, तिकीट तिचं. हा मात्र तिचा नाही. हा ठेकेदाराचा.

दिवाळीत फराळाला येतो. गेल्या दिवाळीत मी त्याला सहज विचारलं, "काय रे, कायम झालास का?" तर हसला. म्हणाला, "बाई, सकाळी पावणेसहाला आमच्या डेपोतून एका मार्गावर दोन गाड्या निघतात. दहा मिनिटांचं अंतर. पुढची कायमवाल्याची, मागची माझी. चौकातला खड्डा दोघांनाही तोच लागतो आणि सिग्नलही तोच."

मग बोटं मोडत त्याने हिशेब सांगितला. त्याच्या हातात महिन्याला २१-२२ हजार पडतात. जवळपास तेवढीच वर्षं गाडी चालवलेल्या कायमच्या माणसाला त्याच्या दुप्पट. त्याला पगारी रजा, याला खाडा झाला की तेवढा रोज कापला. त्याच्या घरच्यांच्या दवाखान्याची सोय आहे, बसचा पास आहे. याची बायको याच्याच बसमध्ये चढली तर तिकीट काढते. दिवाळीला त्याला सानुग्रह अनुदान, याला मिठाईचा पुडा. गाडीला ओरखडा आला तर चौकशी त्याचीही होते, पण याचे पैसे चौकशीआधीच कापले जातात.

मी म्हटलं, "तू इतकी वर्षं आहेस, त्याचं काहीच नाही?"

तो म्हणाला, "कुठली वर्षं, बाई? नऊ वर्षांत माझे तीन मालक झाले. डेपो तोच, मार्ग तोच. फक्त पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदलतं. आणि दर वेळी मी नवा!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ग्रॅच्युइटी मिळायला एका मालकाकडे सलग पाच वर्षं नोकरी लागते, असं १९७२ च्या कायद्यापासून चालत आलंय. ठेक्याची मुदत तीन वर्षांची असेल तर पाच वर्षं भरणार कधी? माणूस नऊ वर्षं एकाच खुर्चीत बसून आहे आणि कागदावर तो तीनदा नवीन आहे. आमच्या वेळी मे महिन्याचा ब्रेक असायचा, हा त्याचाच थोरला भाऊ.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती पैशाची नव्हती. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर त्याचा मित्र. दोघं डबा एकत्र खातात. पण कायमवाल्यांनी संप केला की ठेकेदार याला सांगतो, गाडी बाहेर काढ. ठेक्यावाल्यांनी संप केला की व्यवस्थापन त्याला सांगतं, जादा फेऱ्या मार. "म्हणजे बाई, कुणीही बोललं तरी दुसऱ्याने त्याचं तोंड बंद करायचं." कायमवाल्यांना वाटतं, हे आमच्या जागा खायला आले. ठेक्यावाल्यांना वाटतं, हे आमच्या जिवावर आरामात आहेत. भांडण त्या दोघांत लागतं आणि ज्याने हा घाट घातला तो तिसराच, तो कार्यालयात पंख्याखाली बसलेला असतो.

हा घाट कसा चालतो, ते समजून घ्यायला मुंबईच्या 'बेस्ट'चं उदाहरण सोयीचं आहे, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. २०१९ च्या सुमारास बेस्टने भाडेतत्त्वावरच्या बस मोठ्या प्रमाणावर आणल्या. बस खासगी कंपनीची, देखभाल तिची, ड्रायव्हरही तिचा. बेस्टने मार्ग द्यायचा आणि धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. कामगार संघटनेबरोबर २०१९ मध्ये करार झाला तेव्हा बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ बस कायम राखायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात जुन्या बस मोडीत निघत गेल्या आणि आज ताफ्यात स्वतःच्या बसपेक्षा भाड्याच्याच कितीतरी जास्त आहेत. पाहुणा आला आणि घरमालक झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये या भाड्याच्या बसच्या ड्रायव्हरांनी संप केला. घाटकोपर-मुलुंडकडे सुरू झालेला संप बघता बघता बहुतेक डेपोंत पोहोचला आणि आठवडाभर मुंबईकरांचे हाल झाले. मागणी काय होती? बेस्टच्या कर्मचाऱ्याइतका पगार, आणि बेस्टच्या बसमधून फुकट प्रवास. ही दुसरी मागणी वाचून मला माझा विद्यार्थीच आठवला. दिवसभर लोकांना घेऊन फिरणाऱ्या माणसाने घरी जाताना त्याच बसचं तिकीट काढायचं!

आता ठेकेदार स्वस्तात बस चालवतो तो कसा, याचा जरा विचार करा. निविदा निघते. किलोमीटरचा दर जो कमी सांगेल त्याला काम. प्रत्येकाला बस विकत घ्यावी लागते, बँक कुणाचाच हप्ता सोडत नाही. टायर, विमा, सुटे भाग यांचे भाव सगळ्यांना थोड्याफार फरकाने सारखेच. मग एक ठेकेदार दुसऱ्यापेक्षा दर खाली आणणार कुठून? हात घालायला एकच जागा उरते, ड्रायव्हरचा खिसा. म्हणजे कमी पगार ही या व्यवस्थेत चुकून राहिलेली त्रुटी आहे, असं समजायचं कारण नाही. सगळी इमारत त्याच पायावर उभी आहे. तो पाया काढला तर ठेका स्वस्त राहत नाही आणि स्वस्त राहिला नाही तर ठेका द्यायचं कारणच उरत नाही.

अपघाताचा विषयही इथे निघतोच. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशाच भाड्याच्या इलेक्ट्रिक बसने माणसं आणि गाड्या चिरडल्या. त्या रात्री दोष कुणाचा होता, हा न्यायालयाचा विषय, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतर सगळीकडे एक प्रश्न विचारला गेला, की नवी स्वयंचलित बस हातात देण्याआधी ड्रायव्हरला किती दिवस शिकवलं होतं? प्रश्न रास्त आहे. शिकवण्याचे दिवस हे बिनकमाईचे दिवस असतात. किलोमीटरवर पैसे मिळवणारा माणूस ते वाढवील की कमी करील, हे सांगायला अर्थशास्त्र नको.

तुम्ही म्हणाल, कायदा नाही का काही? आहे ना. आणि गंमत अशी की 'समान कामाला समान दाम' हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयात ठसठशीतपणे मांडलं गेलं ते एका ड्रायव्हरमुळेच!

रणधीर सिंग विरुद्ध भारत सरकार, १९८२. हे गृहस्थ दिल्ली पोलिसांत ड्रायव्हर-कॉन्स्टेबल होते. त्यांच्या वर्गाला श्रेणी होती २१०-२७० रुपये, आणि मॅट्रिक असेल तर २२५-३०८. रेल्वे संरक्षण दलातल्या ड्रायव्हरला मात्र २६०-४००. काम तेच, गाडी चालवायचं. सरकारचं उत्तर असं, की खाती वेगळी आहेत, तुलना कशाला करता? न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी हे मानलं नाही. खातं वेगळं आहे एवढ्यावरून सारख्या कामाचे वेगळे दाम ठरवता येणार नाहीत. घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदातलं समान वेतनाचं तत्त्व समानतेच्या १४ आणि १६ या अनुच्छेदांबरोबर वाचायला हवं, असा त्यांचा निवाडा. ड्रायव्हरला रेल्वे दलाइतकी श्रेणी मिळाली, तीही १ जानेवारी १९७३ पासून.

पुढे २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात न्या. खेहर आणि मूळचे नागपूरचे न्या. बोबडे यांच्या पीठाने हेच तत्त्व हंगामी आणि कंत्राटी सरकारी कर्मचाऱ्यांना लावलं. नियमित माणसाचंच काम करत असाल तर निदान त्या श्रेणीचं किमान वेतन तुम्हाला मिळालं पाहिजे. त्यात एक फार मोलाचा विचार आहे. कमी पगार कुणी राजीखुशीने घेत नाही. घरच्यांच्या तोंडात घास पडावा म्हणून माणूस तो घेतो, आणि त्याची किंमत स्वाभिमानाने चुकवतो, अशा अर्थाचं न्यायालयाने म्हटलं. पगारपत्रकावर शेवटी सही करणारा तो मुलगा मला इथे दिसला.

मग अडतं कुठे? अडतं ते एका साध्या प्रश्नावर. तू कुणाचा माणूस? रणधीर सिंगांचा मालक सरकार होता, दोन खात्यांचा मालक एकच. ठेक्यावरच्या ड्रायव्हरला विचारतात, तुझ्या नेमणुकीच्या कागदावर कुणाची सही? ठेकेदाराची. मग बससेवेच्या ड्रायव्हरशी तुझी तुलना होईल कशी? १९८२ मध्ये 'खातं वेगळं' ही सबब चालली नाही. तिच्या जागी आता 'मालक वेगळा' ही सबब आहे, आणि ती बहुतेक वेळा चालते.

असं होऊ शकतं हे जुन्या लोकांना कळत नव्हतं, असं नाही. १९७० मध्ये कंत्राटी कामगारांचा कायदा झाला आणि १९७१ च्या केंद्राच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, की ठेकेदाराचा कामगार मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम करत असेल तर पगार, सुट्ट्या, कामाचे तास सगळं त्याच्यासारखंच द्यायचं. परवान्याची अटच ती! पण काम 'सारखं' आहे की नाही हे ठरवायला अर्ज, चौकशी, सुनावणी, अपील. तोवर ठेका संपून जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा त्यांत विरून गेला. नव्या संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावू नयेत असं म्हटलंय, पण सवलतीही बऱ्याच ठेवल्यात. शिवाय पूर्वी २० कंत्राटी कामगारांना कायदा लागू व्हायचा, आता ५० लागतात. आणि मी विचारते, बससेवेचं मुख्य काम बस चालवणं नाही तर दुसरं काय? ठरावीक मुदतीवर नेमलेल्या माणसाला कायम माणसाइतकंच वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही नव्या संहितांतली चांगली गोष्ट. पण तिथेही तुलना त्याच मालकाच्या कायम माणसाशी. ठेकेदाराकडे एकही कायम ड्रायव्हर नसला, तर कुणाशी तुलना करणार?

हा पेच आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये एजन्सीमार्फत ट्रक-बस चालवणारे पुष्कळ. तिथे १ ऑक्टोबर २०११ पासून नियम लागू झाला. एजन्सीचा माणूस एकाच ठिकाणी एकाच कामावर १२ आठवडे राहिला की त्याला तिथल्या थेट नेमलेल्या माणसाइतका मूळ पगार द्यायचा. 'तू कुणाचा माणूस' हा प्रश्नच नको, 'काम कुठे आणि कोणतं करतोस' एवढंच पाहायचं. पण पळवाट तिथेही ठेवली होती. एजन्सीने त्याला आपला कायम नोकर करून दोन कामांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचा थोडा पगार कबूल केला, की समान पगाराचा हक्क गेला. ही पळवाट ६ एप्रिल २०२० रोजी बंद झाली. ऑस्ट्रेलियातही १ नोव्हेंबर २०२४ पासून मजूर पुरवणाऱ्या कंपनीच्या कामगाराला कामाच्या ठिकाणच्या करारातला दर मिळवून देणारे आदेश लागू होऊ लागले.

मला सर्वांत पटली ती फ्रान्सची रीत. तिथे एजन्सीचा माणूस काम संपवून निघतो तेव्हा त्याला समान पगार तर असतोच, वर मिळालेल्या एकूण पगाराच्या १० टक्के रक्कम साधारणपणे जादा देतात. कशाबद्दल? तर अस्थिरतेबद्दल! विचार केला तर हेच सरळ आहे. उद्याची खात्री नसलेला माणूस आज जास्त जोखीम उचलतो. म्हणून त्याला जास्त मिळायला हवं. आपल्याकडे खात्री असलेल्याला जास्त पगार आणि नसलेल्याला कमी. म्हणजे आधीच लंगडणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं.

याविरुद्ध बोलणारी माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत, आणि त्यांचं सगळंच खोटं नाही. बससेवा तोट्यात आहेत, हे खरं. पण सार्वजनिक बस नफ्यासाठी नसते, जशी सरकारी शाळा नफ्यासाठी नसते. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. त्या सवलतीचा भार शासन उचलतं, ड्रायव्हरच्या पगारातून कापत नाही. मग स्वस्त शहर बसचा भार एकट्या ठेक्यावरच्या ड्रायव्हरने का उचलायचा?

दुसरं म्हणणं असं, की कायमची माणसं काम करत नाहीत, म्हणून ठेका बरा. शाळेत चाळीस वर्षांच्या आसपास काढल्यावर कामचुकार कायम माणूस मला माहीत नाही असं कोण म्हणेल! पण त्याला शिस्त लावायची असते. तो कामात हयगय करतो म्हणून शेजारच्या कष्टाळू माणसाला अर्धा पगार देणं, हा कुठला न्याय? चार आळशांचा राग चाळीस जणांच्या ताटावर काढायचा?

तिसरं, नव्या माणसाला पंचवीस वर्षं काढलेल्याइतका पगार द्यायचा का? नाही, मुळीच नाही. अनुभवाला दाम असलाच पाहिजे. ठेक्याविरुद्ध माझी मुख्य तक्रारच ही आहे, की तो अनुभव पुसून टाकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये एसटीसाठी १७,४५० चालक आणि सहायक कंत्राटी पद्धतीने घ्यायचं जाहीर झालं, किमान पगार सुमारे ३० हजार. आकडा माझ्या विद्यार्थ्याच्या पगारापेक्षा बरा आहे. एवढ्या घरांत चूल पेटणार, याचा आनंदच आहे. पण तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न त्या प्रत्येक घरात विचारला जाणार.

एका रात्रीत सगळे कायम होतील, अशी स्वप्नं मी या वयात पाहत नाही. पण काही गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. निविदेतच ड्रायव्हरचा किमान पगार कायम माणसाच्या श्रेणीच्या किमान वेतनाइतका लिहून टाकावा आणि बोली उरलेल्या खर्चावर लावू द्यावी. मग ठेकेदारांनी चढाओढ करायची ती डिझेल वाचवण्यात आणि गाड्या नीट राखण्यात. पास, विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह, दवाखाना यांत पहिल्या दिवसापासून भेद नको. आणि ठेकेदार बदलला तरी ड्रायव्हरची वर्षं त्याच्याबरोबर चालत राहावीत.

ही शेवटची गोष्ट त्याचीच. मी त्याला विचारलं होतं, "तुला एकच काही मागायचं असेल तर काय मागशील? दुप्पट पगार?"

चिवड्याची बशी खाली ठेवून तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही बाई. माझी नऊ वर्षं कुणीतरी कागदावर लिहून ठेवावीत."

एवढं बोलून तो उठला. दुसऱ्या दिवशी पाडवा. कायमवाल्यांपैकी बरेच जण रजेवर होते, त्यामुळे त्याची ड्युटी पहाटेची होती.